दुसऱ्या कानाची जागा

माझ्या आजोबांचं लोणावळ्यात बाजाच्या पेट्या दुरुस्त करण्याचं दुकान होतं. दुकान म्हणजे बाजारपेठेच्या मागच्या गल्लीतली एक खोली. तिच्या मागे आम्ही राहायचो त्या दोन खोल्या, आणि पुढे रस्त्याकडे उतरणारा दगडी ओटा. गिऱ्हाईक फारसं नसे. दिवसात एखादा माणूस आला तर आला. दुकानात कुणी मोठ्यानं बोललेलं आजोबांना चालत नसे. गल्लीतला शिंपी आमच्या दारावरून जाताना आलेला खोकलासुद्धा धरून ठेवी आणि कोपऱ्यावर जाऊन खोकून घेई.

वडील रेल्वेत होते. त्यांची बदली दौंडला झाली, तेव्हा माझी इंग्रजी शाळा तुटू नये म्हणून मला आईच्या वडिलांपाशी ठेवलं. मी पंधरा वर्षांची होते. शाळेत इंग्रजीत बोलावं लागे म्हणून मी कमी बोले. घरी मराठी बोलताना शाळेतली वळणं तोंडात येत आणि लोक हसत, म्हणून तिथंही कमीच बोले. आजोबांना माझं न बोलणं आवडत असावं. निदान पहिले काही महिने मी असंच समजत होते.

त्यांचं काम सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही. पेटीतला सूर म्हणजे पितळेची एक पातळ जीभ. भात्याची हवा तिच्यावरून गेली की ती थरथरते आणि वाजते. ती टोकाकडे घासली की सूर चढतो, मुळाकडे घासली की उतरतो. घासायचं ते केसाएवढं. घासून गेलेलं पितळ परत लावता येत नाही. त्यामुळे आजोबांचा एक नियम होता. एकच सूर घटकाभर घासत बसलेल्या माणसाचा कान हळूहळू लाचार होतो, हाताला जे जमलं तेच त्याला बरोबर वाटू लागतं, असं ते म्हणत. म्हणून दुसरा कान हवा. हा दुसरा माणूस ओट्यावर बसे, पेटीकडे पाठ करून, म्हणजे आजोबांच्या चेहऱ्यावरून त्याला काही कळू नये. आजोबा सूर वाजवत आणि विचारत, "लागला?" तो जे सांगेल ते अखेरचं. त्याच्याशी वाद घालायचा नाही.

तीस वर्षं हा दुसरा कान माझ्या आजीचा होता. तिला ओट्यावर बसायचीही गरज नसे. आत भाकरी थापता थापता ती "हं" म्हणे किंवा "अंहं" म्हणे. मी राहायला आले त्याच्या आदल्या वर्षी ती गेली. त्यानंतर आजोबा कधी शिंप्याला बसवत, कधी गिऱ्हाइकालाच. आणि एकदा त्यांनी मला बसवलं.

तो दिवस मला नीट आठवतो, कारण मी तो वाया घालवला. त्यांनी विचारलं, "लागला?" मी घाबरत म्हटलं, "चांगला वाटतो."

"चांगला वाटतो हे गिऱ्हाइकानं म्हणायचं," आजोबा म्हणाले. रागावले नाहीत. पण पुन्हा बोलावलंही नाही.

औंढ्याहून एक बाई मंगळवारी आणि शुक्रवारी दही घेऊन यायची. आजीच्या वेळेपासून आमच्याकडे तिचंच दही. पंचेचाळिशीची असेल. उंच, काटक, दातांना मिश्री, डोक्यावर मडक्यांची पाटी. गल्लीतले सगळे तिला मावशी म्हणत. आमच्या ओट्यावर पाटी उतरवून ती पाय लांब करून बसे, कारण तिची तासाभराची चाल झालेली असे आणि पुढे अजून दहा घरं असत.

एका मंगळवारी मी मागच्या खोलीत शाळेचं काहीतरी लिहीत होते. आजोबा एक पेटी लावत होते आणि ओट्यावर शिंपी बसला होता. आजोबांनी विचारलं, शिंपी म्हणाला, "झकास." तेवढ्यात मावशीचा आवाज आला.

"कशाचं झकास? आबा, त्यो तिसरा सूर रडतोय बगा."

"कुठला तिसरा?"

"त्यो काय. दोन बोटं सोडून. लेकरू भुकेजलं की कसं कुरकुर करतंय, तसं."

आजोबांनी सूर पुन्हा वाजवला. मग कानस चालल्याचा बारीक आवाज आला. मग पुन्हा सूर.

"आता?"

"आता निजलं," मावशी म्हणाली.

आणि आजोबा हसले. मी त्या घरात चार महिने होते. चहा मी करत होते, त्यांचा चष्मा हरवला की मीच शोधत होते, संध्याकाळी त्यांना वर्तमानपत्र वाचून दाखवत होते. मी त्यांना एकदाही हसवलं नव्हतं.

त्या दिवसापासून मंगळवार आणि शुक्रवार ठरून गेले. आजोबा सूर लावायचं काम त्या दोन दिवसांसाठी राखून ठेवू लागले. बाकीच्या दिवशी भात्याचं कातडं, अडकलेल्या पट्ट्या, बुरशी आलेलं लाकूड. लोणावळ्याच्या हवेत या कामाला तोटा नसे. तिची यायची वेळ झाली की ते ओट्यावर गोणपाट घडी करून टाकत, दगड गार लागू नये म्हणून. मी त्याच दगडावर कितीदा बसले होते.

"म्हातारबा, आज किती लेकरं निजवायची?" ती खालूनच ओरडे. जिथं शिंपी खोकत नसे, तिथं ती ओरडे.

"हळू बोल, बाई."

"हळू बोलाया मी काय चोरी केलीया?"

आणि ते परत हसत.

मी टेबल दाराजवळ ओढून घेतलं. उजेड बरा येतो म्हणून, असं सांगितलं. शाळेतून आल्यावर तिथं बसून मी त्यांचं बोलणं ऐके आणि समोर पुस्तक उघडं ठेवी. ती कधी माझ्याकडे मान वळवून म्हणे, "काय गं मडमिणी, काय वाचतीस?" मी म्हणे, "काही नाही." ती म्हणे, "काय न्हाई वाचाया येवढं जाड बुक?" आजोबा त्यावरही हसले. मी पान उलटलं.

एकदा जेवताना मी म्हटलं, "दही आंबट आहे."

आजोबांनी एक घास खाल्ला, मग आणखी वाढून घेतलं. "मला नाही वाटत."

त्यानंतर मी दही खायचं सोडलं. मला दही फार आवडतं. हे कुणाच्या लक्षात येईल असं वाटलं होतं, ते काही आलं नाही.

आपल्याला हेवा वाटतो आहे, हे मला तेव्हा ठाऊक होतं. तो शब्द मी मनात इंग्रजीत म्हणत असे, म्हणजे तो कमी वाईट वाटे. मला खटकायचं ते हे, की मी संगीत शिकत होते. शाळेत सिस्टर मला पियानो शिकवत. मी स्वरलिपी वाचू शकत होते, परीक्षाही दिली होती. आणि या बाईला अक्षर ठाऊक नव्हतं. सुराचं नाव ठाऊक नव्हतं. ती सुराला लेकरू म्हणे, म्हैस म्हणे, एकदा तर एका सुराला "सावत्र सासू" म्हणाली, आणि आजोबा तेवढ्यावर कानस उचलत.

मी त्यांना पियानोबद्दल एकदा सांगून पाहिलं. त्यांनी मन लावून ऐकलं.

"त्याला भाता नाही?"

"नाही. आत तारा असतात, त्यांच्यावर हातोड्या पडतात."

"मग तो श्वास कुठून घेतो?" त्यांनी विचारलं.  पुढच्या शुक्रवारी त्यांनी हे मावशीला सांगितलं, आणि दोघं कितीतरी वेळ त्या बिनश्वासाच्या बाजाबद्दल बोलत होते.

दुसऱ्या वर्षीच्या पावसाळ्यात औंढ्याची पेटी दुकानात आली. गावच्या भजनी मंडळाची. श्रावणात त्यांचा सप्ताह बसायचा होता. तिथले गाणारे कायम एकाच पट्टीत गात, म्हणून ती पेटी आजोबा तेवढी पट्टी धरून फार बारकाईनं लावत. तिचा गांधार, म्हणजे सा-रे-ग मधला तिसरा सूर, तुटला होता. लढाई सुरू झाल्यापासून जर्मनीचे सूर यायचे बंद झाले होते. आजोबांच्या डबीत त्या मापाचा एकच उरला होता. तो त्यांनी मला तळहातावर ठेवून दाखवला. "हा शेवटचा," ते म्हणाले. मग तो पेटीत बसवला, आणि लावायचं काम मंगळवारवर ठेवलं, अर्थातच.

मंगळवारी मावशी आली नाही. सोमवारपासून ओढ्याला पाणी होतं आणि औंढ्याची वाट बंद होती. शुक्रवारी दुपारी गावची माणसं पेटी न्यायला येणार होती. त्या मंगळवारी मी चारला शाळेतून आले तेव्हा आजोबा दारात उभे राहून गल्लीच्या तोंडाकडे बघत होते. त्यांनी मला बघितलं, आणि थोडा विचार केला.

"ये," ते म्हणाले. "आज तू बस."

मी आत जाऊन हात धुतले. कान द्यायला हात कशाला धुवायचे, ते मला सांगता येणार नाही. मग ओट्यावर येऊन पाठ करून बसले. समोर शिंप्याचं दुकान होतं, त्याच्या पन्हळीतून पाणी पडत होतं. आजोबांनी सा धरला. मग रे. मग गांधार.

मला तो उतरलेला वाटला. हे लिहिताना मी पुन्हा पुन्हा स्वतःला विचारून बघते आहे. होय, खरंच वाटला. शाळेतल्या पियानोवर 'डो' आणि 'मी', म्हणजे आपले सा आणि ग, यांच्यामध्ये जेवढं अंतर असतं, तेवढं इथं भरत नव्हतं. केसाएवढं कमी होतं. पण मी आणखी काही विचारही केला, तोही लिहिला पाहिजे. माझ्या मनात आलं की मावशी कधीच पहिल्या फटक्यात "लागला" म्हणत नाही. ती एकदा तरी नाही म्हणते, आणि तिच्या त्या नाहीसाठी आजोबा तिला गोणपाट घालतात. मी गेल्या खेपेला "चांगला वाटतो" म्हटलं होतं. या खेपेला मी तसं म्हणणार नव्हते.

"लागला?"

"नाही," मी म्हटलं. "उतरलाय."

भाता थांबला. माझी पाठ होती, मला त्यांचा चेहरा दिसत नव्हता. पण वर्षभर मी दाराआड बसून फक्त त्यांचे आवाज ऐकले होते. चूक सापडली की त्यांची कानस लगेच चाले. भाता असा नुसताच थांबून कधी राहत नसे. तो थांबला, याचा अर्थ त्यांच्या कानाला सूर बरोबर होता आणि ते बुचकळ्यात पडले होते. मला हे तिथल्या तिथे कळलं.

"उतरलाय?" त्यांनी विचारलं.

तेव्हा मी म्हणू शकले असते, की आजोबा, मला शाळेच्या पियानोप्रमाणे ऐकायची सवय आहे, तुम्ही ठरवा. एवढंच म्हणायचं होतं. मी म्हटलं, "हो."

दुसऱ्या कानाशी वाद घालायचा नाही. त्यांनी टोकाकडे घासलं. "आता?"

"अजून थोडा."

पुन्हा घासलं. आता तो पियानोसारखा लागला, स्वच्छ. "लागला," मी म्हटलं. माझा आवाज मोठा आला. शिंप्यानं मान वर केली.

त्या संध्याकाळी आजोबांनी आपल्या बशीतला अर्धा चहा माझ्या कपात ओतला. मला वाटलं, जागा मिळाली.

शुक्रवारी मी घरीच होते, शाळेला कसलीशी सुट्टी होती. मावशी सकाळीच आली, इरलं दाराशी उभं केलं आणि बसायच्या आधी म्हणाली, "आमच्या गावची पेटी झाली का? वाजवा बगू."

आजोबांनी वाजवली. ती ऐकत राहिली. मग तिनं मान तिरकी केली.

"तिसरा परत वाजवा."

वाजवला.

"ह्यो कुनी लावला? ह्यो आमच्यातला न्हाई. ह्यो शेहरातनं आलेला पावना हाय. टाचा वर करून उबा ऱ्हायलाय."

मी दारात होते. आजोबांनी माझ्याकडे बघितलं नाही.

"मी लावला," ते म्हणाले.

"तुमी? आबा, औंदा कानात भात लावलाय का काय?" ती हसली. ते हसले नाहीत. तिनं त्यांच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे.

सूर परत उतरवायला हवा होता. म्हणजे मुळाकडे घासणं आलं. टोक आधीच पातळ झालेलं. आजोबा फार वेळ ते पितळ डोळ्यांजवळ धरून बसले. मग त्यांनी घासलं. बसवलं. वाजवलं. सूर खाली आला होता, अगदी बरोबर जागी. त्यांनी मावशीला विचारलं, ती म्हणाली, "लागला." त्यांनी खात्री करायला भाता जोरानं दाबला, गाणारे रंगात आल्यावर दाबतात तसा, आणि आवाज चिरकला. मुळापाशी भेग गेली होती.

 आजोबांनी तो सूर काढला, कागदात गुंडाळला आणि डबीत ठेवला.

पेटीच्या बोटानं दाबायच्या एकेका पट्टीला दोन सूर असतात, एक खालचा, एक वरचा. आता त्या पट्टीला एकच उरला. दुपारी गावची दोन माणसं आली, तेव्हा मावशीही पुढची घरं करून ओट्यावर परत आली होती. आजोबांनी त्यांना सरळ सांगितलं, "एक सूर माझ्या हातून गेला. ही पट्टी बारीक वाजेल. नवा आला की बसवून देईन."

त्यातल्या म्हाताऱ्यानं आजोबांपुढे मान डोलावली. पण तो ओट्यावरच्या मावशीकडे वळला. "तू बसतीस न्हवं हितं कान द्याया? गावभर सांगत हुतीस. मंग तवा काय डुलकी लागलीती?"

"लागली आसंल," मावशी म्हणाली आणि मडकी पाटीत रचू लागली.

तिनं माझ्याकडे बघितलंही नाही. मी तिथंच होते. मला वाटतं, तिनं बोट दाखवलं असतं तर मला सोपं गेलं असतं.

पुढच्या मंगळवारी ती आली नाही. दही दुसऱ्या एका बाईच्या हाती आलं. शुक्रवारीही तसंच. त्या बाईनं सांगितलं की सप्ताहात ती बारीक पट्टी वाजली की टाळकरी मावशीकडे बघून डोळे मिटून घोरल्यासारखं करत, आणि सगळा मांडव हसे. "तिला लय लागलं," ती बाई म्हणाली. "आता ती पेटीचं नाव बी काढत न्हाई."

जागा रिकामी झाली. मी वाट बघत होते, ते मी नाकारत नाही. पण आजोबांनी मला बोलावलं नाही. एका रात्री झोपायच्या आधी त्यांनी एवढंच विचारलं, "तुला तो खरंच उतरलेला वाटला?"

"हो."

"बरं," ते म्हणाले.

त्यांनी सूर लावायचं काम बंदच केलं. भाते शिवले, पट्ट्या घासल्या, लाकूड पुसलं, आणि पेट्या भिंतीशी लावून ठेवल्या. कुणी न्यायला आलं तर म्हणत, "लावायची राहिली आहे." आधी दोन होत्या, मग चार, मग सहा. कान्हे गावचा एक माणूस दोनदा हेलपाटा घालून तिसऱ्यांदा आपली पेटी तशीच उचलून घेऊन गेला. आजोबांनी त्याला अडवलं नाही. ते दिवसभर स्टुलावर बसून राहत. पूर्वी दुकानात शांतता असे ती कामासाठी असे. आता नुसतीच होती.

एका संध्याकाळी मी पुस्तक घेऊन ओट्यावर जाऊन बसले. पाठ करून. त्यांना दिसावं म्हणून.

"ऊठ," ते आतून म्हणाले. "झड येतेय, भिजशील."

झड येत नव्हती.

त्या रविवारी मी औंढ्याला गेले. आजोबांना सांगितलं, शाळेतल्या मैत्रिणीकडे जाते. एवढं चालून मी एकटी कधी गेले नव्हते. वाटेत भाताच्या खाचरांत काम करणाऱ्या बाया माझ्या बुटांकडे बघून आपसांत बोलत. घर विचारायला मला तीन माणसं सोडून द्यावी लागली, चौथ्याला विचारलं.

मावशी पडवीत ताक घुसळत होती. मला बघून तिची रवी थांबली नाही.

"मडमीण? आबा बरं हायेत न्हवं?"

"बरे आहेत."

"मंग?"

मी उभीच होते. वाटेत जे सगळं जुळवलं होतं ते गेलं. "तो सूर मी सांगितला होता चढवायला," मी म्हटलं.

"ठावं हाय."

"कसं?"

"म्हातारा चिडला न्हाई म्हणून. त्येच्या हातनं चुकलं आसतं तर दिसभर सोताला शिव्या घालीत बसला आसता." ती दोरी ओढत राहिली. "येकदा कातडं उलटं लावलंतं, तर जेवला न्हाई. तुला कुटं ठावं, तू तवा नव्हतीस."

मी तेव्हा नव्हते. हेही तिनंच मला सांगायचं होतं.

"मग तुम्ही त्या लोकांना सांगितलं का नाही?"

"काय सांगू? आबाच्या नातीनं घोळ घातला? आन मंग गावोगावचं लोक आबाकडं पेटी देत्याल व्हय?" तिनं रवी थांबवली आणि पहिल्यांदा नीट माझ्याकडे बघितलं. "येक इचारू? मी आलं की तू नाक का गं मुरडतीस?"

मी बुटाचा चिखल पायरीवर घासू लागले.

"दही आंबट आसतंय व्हय माजं?"

म्हणजे आजोबांनी तिला तेही सांगितलं होतं.  मी म्हटलं, "सहा पेट्या तशाच पडल्या होत्या. एक माणूस आपली उचलून घेऊन गेला. ते काही करत नाहीत. नुसते बसून असतात." आणि मग, हे म्हणायला मला फार जड गेलं, "तुम्ही या."

"मी यीन," ती म्हणाली. "पर त्येनी बोलवाया पायजे हुतं."

"ते नाही बोलावणार."

"व्हय. ते कशाला बोलावत्यात." आणि ती हसली, आजोबांवर हसायची तशी, घरच्या माणसावर हसतात तशी. मला ताक दिलं. मी ते प्यायले.

मंगळवारी मी शाळेतून आले तेव्हा ती ओट्यावर होती. गोणपाट होतं. पण काम सुरू झालं नव्हतं, ती माझ्यासाठी थांबली होती.

"ये हिकडं," ती म्हणाली. "तुज्या शाळंतल्या त्या बिनश्वासाच्या बाजात तिसरा सूर कसा आसतोय, म्हणून दाव."

"मला गाता येत नाही."

"गाया कोन सांगतंय? निस्ता सूर लाव. आबा, सा धरा."

आजोबांनी सा धरला. मी शिंप्याकडे पाठ केली आणि भिंतीकडे बघून म्हटलं, "डो, रे, मी." सूर पियानोचा होता, तो माझ्या कानात पक्का होता. आजोबांनी शेजारी आपल्या पेटीतला गांधार वाजवला. माझा वर राहिला. ते पुढे झुकले.

"पुन्हा म्हण."

मी पुन्हा म्हटलं.

"चढाच आहे," ते हळूच म्हणाले. "त्यांचा चढाच असतो." त्यांच्या चेहऱ्यावरचं गेल्या महिन्याभराचं काहीतरी सैल झालं. "म्हणजे तू ऐकलंस ते बरोबर ऐकलंस. फक्त माप दुसरं. मला वाटलं..." त्यांनी वाक्य सोडून दिलं. नातीला कान नाही असं वाटलं होतं, की नात खोटं बोलली असं, ते मला कधीच कळलं नाही.

"बगा," मावशी म्हणाली. "पोरगी खोटं बोलली न्हाई. मी म्हनलंच हुतं."

तिनं मला सोडवलं होतं. आणि मी सुटण्यासारखी नव्हते. भाता थांबला होता, तो का थांबला ते मला कळलं होतं, आणि कळूनही मी "हो" म्हटलं होतं. हे त्या दोघांपैकी कुणालाच ठाऊक नव्हतं. तेव्हा सांगायला हवं होतं. पण आजोबा माझ्याकडे असे बघत होते, जसं त्यांनी आजवर बघितलं नव्हतं, आणि ते बघणं मला तिच्यामुळे मिळालं होतं. मला ते सोडवेना, आणि ते मिळाल्याचा आनंदही होईना.

"दोघी बसा," आजोबा म्हणाले. त्यांनी भिंतीजवळची पहिली पेटी उचलून पुढ्यात घेतली. मावशी सरकली आणि गोणपाटावर आपल्या शेजारी हात थोपटला.

"मला अभ्यास आहे," मी म्हटलं आणि आत गेले.

त्या दिवशी त्यांनी तीन पेट्या लावल्या. मी सगळ्या ऐकल्या. दुसऱ्या पेटीच्या एका सुरापाशी मलाही काहीतरी कमी वाटलं, आणि मी पेन खाली ठेवून वाट बघत राहिले, ती काय म्हणते त्याची. ती म्हणाली, "अंहं. ह्ये अजून जागं हाय." आजोबा हसले. कानस चालली.

निघताना तिनं ओट्यावरूनच हाक मारली, "जाते गं, मडमिणी!"

मी दाराच्या आतच, चार हातांवर होते. मी ऐकू न आल्यासारखं केलं.